किल्ली माझ्याच खिशात राहू दे

विठ्ठला, पांडुरंगा,

एका अंगाला देहू, एका अंगाला आळंदी, आणि आसपास आम्ही तळवडे, भोसरी, चाकणच्या कारखान्यांतले मेन्टेनन्सवाले. ज्येष्ठात पालख्या निघतात तेव्हाही कोणाला तरी शिफ्टवर थांबावंच लागतं. गुरुवारी सगळ्यांना सुट्टी असते, आणि नेमकी त्याच दिवशी मशिनं बंद मिळतात म्हणून आमचं काम निघतं. वारीला येणं जमत नाही, तेव्हा पॅनलपुढे उभा राहूनच तुला हाक मारतो. ऐक.

पॅनलचं दार उघडताना माझी घाई काढून घे. मेन स्विच पाडला, त्याला माझं कुलूप घातलं, टॅगवर नाव लिहिलं, किल्ली खिशात ठेवली, तरी सप्लाय गेलाच असेल असं मला धरून चालू देऊ नकोस. मीटर आधी चालू सप्लायवर लावून बघायचा, मग बंद केलेल्या तिन्ही फेजवर, एकमेकींत आणि अर्थशी, आणि शेवटी पुन्हा चालू सप्लायवर. मीटरच बिघडला असेल तर तोही शून्यच दाखवतो, म्हणून हा फेरा. मोटरच्या ड्राइव्हपुढे तर जास्तच सांभाळ. ४१५ व्होल्टचा सप्लाय तोडल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये साडेपाचशेच्या वर डीसी व्होल्ट दबा धरून असतात, ते उतरायला काही मिनिटं लागतात. कव्हरवर छापलेली मिनिटं सरेपर्यंत हात मागे ठेवायचा धीर दे.

देवा, लाइन थांबली की माझ्या पाठीशी माणसं गोळा होतात. ‘किती वेळ लागेल?’ ‘गाडी उभी आहे.’ ‘आत्ता बायपास कर, गुरुवारी बघू.’ प्रेसच्या गार्डचा दरवाजा नीट लागत नसेल, तर त्याच्या स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या की प्रेस चालू होते. अर्ध्या मिनिटाचं काम. पण मग दरवाजा उघडा असतानाही प्रेस खाली येते, आणि खाली ऑपरेटरचा हात असतो. चहाच्या टपरीवर आंगठा आणि करंगळी यांच्यामध्ये ग्लास धरणारी माणसं मी पाहिली आहेत. मधली बोटं कुठे गेली, ते इकडे कोणी कोणाला विचारत नाही.

त्या अर्ध्या मिनिटात माझ्याजवळ थांब. ‘नाही’ म्हणताना माझा आवाज चढू देऊ नकोस आणि पडूही देऊ नकोस. बायपास मागणाऱ्या सुपरवायझरवर मला राग धरू देऊ नकोस. त्याच्या डोक्यावर डिस्पॅचचं ओझं आहे, त्यालाही घरी जायचं आहे. त्यालाही बळ दे, की वरच्यांना त्याने सांगावं, ‘गार्ड दुरुस्त होईपर्यंत प्रेस बंद राहील.’

मशीन माणसाला सुरक्षित ठेवेल अशी ही विद्या ज्यांनी रचली त्यांच्याबद्दल तुझे उपकार मानतो. इमर्जन्सी स्टॉपचा कॉन्टॅक्ट त्यांनी कायम जुळलेला ठेवला. त्यातून करंट वाहतो तोवरच मशीन चालते. बटण दाबा, मशीन थांबते. तार तुटली, थांबते. स्क्रू ढिला होऊन तार निसटली, तरी थांबते. टाकीची पातळी सांगणाऱ्या सेन्सरचा सिग्नल त्यांनी ४ ते २० मिलिअँपिअर ठेवला. टाकी रिकामी असेल तर ४ येतात, आणि ० आले तर तार तुटली असं समजायचं. रिकामं कोणतं आणि तुटलेलं कोणतं, यात गल्लत होऊ नये एवढी काळजी त्यांनी घेतली.

मलाही तसंच घडव. अपुरी झोप, लागोपाठ दुसरी शिफ्ट, घरचं आजारपण, यांतलं काहीही माझ्यात तुटलं तर माझा हात थांबण्याकडे वळू दे. फॉल्ट सापडला नसेल तर ‘अजून सापडला नाही’ हे स्पष्ट सांगायची हिंमत दे. रिसेट दाबून पुढच्या शिफ्टच्या गळ्यात तो घालायची बुद्धी मला कधीच देऊ नकोस.

रिलेंनी भरलेल्या कपाटांच्या जागी पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा संगणक, आला, तेव्हा वायरमनला वाचता यावा म्हणून त्याचा प्रोग्रॅम रिलेच्या ड्रॉइंगसारखाच, शिडीच्या रूपात ठेवला गेला. त्या आस्थेचा थोडा अंश माझ्या कामात उतरू दे. बदललेली प्रत्येक तार ड्रॉइंगवर आली पाहिजे. तारेचा नंबर दाखवणारा फेरूल गळून पडला, तर ड्रॉइंगवरच्याच नंबराचा नवा तारेवर चढला पाहिजे. रात्री तीन वाजता बॅटरी तोंडात धरून कोणी हे पॅनल उघडेल, तेव्हा कागदावर एक आणि आत भलतंच, अशी गत त्याची होऊ नये.

आयटीआयमधून नुकत्याच आलेल्या पोरांना सांभाळ. ती प्रश्न विचारतील तेव्हा माझ्या कपाळावर आठी येऊ देऊ नकोस. हातात धड ग्लोव्ह्ज नसलेल्या कंत्राटी हेल्परला सांभाळ, त्याच्या सुरक्षेसाठी मालकाशी बोलायला मला पुढे कर. पावसात खांबावर चढलेल्या लाइनमनला सांभाळ.

खंडेनवमीला आम्ही पॅनलला झेंडूचा हार घालतो, टेस्टर-पक्कडीला हळदकुंकू वाहतो. बाकीच्या दिवसांत टर्मिनल आवळणं, फिल्टरची धूळ झाडणं, अर्थिंग तपासणं, हीच पूजा समजून गोड मानून घे.

आणि काम उरकल्यावर सप्लाय द्यायची वेळ येईल, तेव्हा मशीनमागे, पिटमध्ये, कन्व्हेयरखाली कोणी राहिलं नाही ना, हे मला वाकून बघायला लाव. ज्याचं त्याने आपलं कुलूप आपल्या हाताने काढेपर्यंत मला स्विचला हात लावू देऊ नकोस. गेटमधून आत आलेला प्रत्येक जण धडधाकट घरी जाऊ दे. माझ्या हातून एवढी सेवा रोज करून घे.