भाऊ लांडगा

‘तुमचा मार्गदर्शक प्राणी कोणता?’ असा प्रश्न विचारणारी पुस्तके, पत्ते आणि मोबाइलवरचे खेळ आज सहज मिळतात. जन्मतारीख सांगावी, चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत, की आपला प्राणी ठरतो. कोणाला गरुड मिळतो, कोणाला अस्वल. पण लांडग्याला मागणी फार. लांडगा म्हणजे धैर्य, लांडगा म्हणजे स्वातंत्र्य, लांडगा म्हणजे कळपावरची निष्ठा, असे त्याचे अर्थ छापलेले असतात. डास किंवा ढेकूण कोणाच्या वाट्याला आल्याचे मात्र अद्याप आमच्या ऐकिवात नाही.

असे करणे पाप आहे का, असे आपले तरुण विचारतात. प्राण्याच्या नावाने भविष्य पाहायचे किंवा अंगी गूढ शक्ती आणायची असेल, तर उत्तर सरळ आहे. शकुन, ज्योतिष आणि भविष्यकथन ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणाने स्पष्टपणे नाकारले आहे. पण एवढ्यावर विषय संपत नाही. प्राणी आपल्याला काही शिकवू शकतात, हे पवित्र शास्त्रालाही मान्य आहे. नीतिसूत्रांचा ग्रंथ आळशी माणसाला मुंगीकडे पाठवतो. प्रभू येशू चिंतेने ग्रासलेल्यांना आकाशातील पाखरे दाखवतो. तेव्हा लांडग्याकडून शिकायचे तर काय शिकायचे, हा खरा प्रश्न आहे.

ज्यांच्या नावावर हा बाजार चालतो, त्या उत्तर अमेरिकेतील आदिवासींची गोष्ट निराळी आहे. ओजिब्वे लोक सांगतात, की निर्मात्याने पहिल्या माणसाला सोबती म्हणून लांडगा दिला. दोघांनी मिळून पृथ्वीची प्रदक्षिणा केली, झाडांना, प्राण्यांना, ठिकाणांना नावे दिली. मग निर्मात्याने दोघांच्या वाटा वेगळ्या केल्या. पण एकाच्या नशिबी जे येईल तेच दुसऱ्याच्याही नशिबी येईल, असे बजावले. २०१२ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने लांडग्यांच्या शिकारीला परवानगी दिली, तेव्हा ओजिब्वे जमातींनी तिला विरोध केला तो ह्या नात्यापोटी. त्यांचा लांडगा त्यांच्याकडून काही मागतो. त्याचे रक्षण करावे लागते, त्याच्यासाठी सरकारशी भांडावे लागते. मोबाइलवरचा लांडगा काहीच मागत नाही. तुम्ही मुळातच शूर आहात, एवढेच तो सांगतो. जो केवळ आपली स्तुती करतो त्याला मार्गदर्शक म्हणावे काय? अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले. ओजिब्वे लोकांच्या ह्या कथेपुढे आम्ही त्याच आदराने नम्र होतो. पत्त्यांच्या जोडापुढे नम्र व्हायचे कारण नाही.

बायबलमध्ये लांडगा आला, की बहुधा धोक्याची घंटा वाजते. पण ती कोणासाठी वाजते, हे नीट पाहावे. यहेज्केल संदेष्टा लांडगे म्हणतो ते पैशासाठी रक्त सांडणाऱ्या अधिकाऱ्यांना. सफन्या म्हणतो ते न्यायाधीशांना. प्रभू येशू सावध करतो ते मेंढरांचे कातडे पांघरून येणाऱ्या खोट्या संदेष्ट्यांपासून. आपल्या मराठीतही ‘लांडगेतोड’ हा शब्द खऱ्या लांडग्यांसाठी क्वचितच वापरतात. दहा माणसे एकट्यादुकट्यावर तुटून पडली, की आपल्याला तो आठवतो. पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या माळरानांवर जो खरा लांडगा उरला आहे तो सशावर, उंदरांवर आणि जमल्यास धनगराच्या कोकरावर पोट भरतो. धनगराचे नुकसान खरेच होते, ते कमी लेखू नये. परंतु लांडगा ढोंग करीत नाही. ढोंगाचे कातडे माणसानेच शिवले आहे.

आणि हे कातडे मंदिराबाहेरच असते असे नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी २००५ साली पोपपदाच्या प्रारंभीच्या मिस्सामध्ये भाविकांना विनंती केली होती, की लांडग्यांच्या भीतीने मी पळून जाऊ नये म्हणून प्रार्थना करा. योहानाच्या शुभवर्तमानात लांडगा दिसताच मेंढरे टाकून पळतो तो पगारी चाकर असतो, हे त्यांच्या मनात असणार. मेंढपाळाच्याच वेषात कोणी लांडगा शिरला, कोवळ्या कोकरांना इजा झाली, आणि बाकीच्यांनी अब्रूसाठी तोंड फिरवले, असे ख्रिस्तसभेत अनेक देशांत घडले आहे. लांडग्याविषयी लिहायचे आणि हे गाळायचे, ते बरे नव्हे.

आता असिसीच्या संत फ्रान्सिसकडे येऊ. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी त्यांचे निधन झाले. २०२६ साली त्याला ८०० वर्षे पूर्ण होतात. त्यांच्या आठवणींच्या ‘फियोरेत्ती’ ह्या चौदाव्या शतकातील संग्रहात गुब्बिओ गावच्या लांडग्याची कथा आहे. बहुतेकांनी ती धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली असेल, आणि बहुतेकांच्या लक्षात तिचा शेवटच राहतो: संताने हिंस्र प्राण्याला कोकरू केले. कथा नीट वाचली तर तसे काही होत नाही.

गुब्बिओचा लांडगा जनावरे मारत होता, माणसेही मारत होता. लोक वेशीबाहेर जाताना शस्त्र घेऊन जात, पुढे तर बाहेर पडेनासेच झाले. फ्रान्सिस त्याच्याकडे गेले. तो जबडा उघडून धावून आला. फ्रान्सिसनी क्रुसाची खूण केली तेव्हा थांबला आणि पायाशी बसला. फ्रान्सिसनी त्याला ‘भाऊ’ म्हटले. पण भाऊ म्हटल्यावर लगेच गोंजारले नाही. आधी त्याचे गुन्हे त्याच्या तोंडावर मोजले. तू देवाची लेकरे मारलीस, चोराला आणि खुन्याला होते तशी फाशी तुला व्हायला हवी, सारे गाव तुझ्याविरुद्ध ओरडते आहे, अशा अर्थाचे ते बोलले. त्यानंतर दुसरी गोष्ट सांगितली: हे तू भुकेपोटी केलेस, हे मी जाणतो.

ही दोन्ही वाक्ये एकाच तोंडून यावीत, हे किती कठीण आहे! आपल्यापैकी काहींना पहिलेच जमते. चोरी केलेल्या पोराला, दारूत घर बुडवलेल्या माणसाला, तुरुंगातून सुटून आलेल्याला आपण त्याचे अपराध न चुकता ऐकवतो आणि दार लावून घेतो. काहींना दुसरेच जमते. परिस्थिती वाईट होती, जाऊ द्या, असे म्हणून आपण मोकळे होतो, आणि ज्याचे नुकसान झाले तो एकटा रडत बसतो. फ्रान्सिसनी गुन्ह्याला गुन्हा म्हटले आणि भुकेला भूक म्हटले.

मग करार झाला. लांडग्याने कोणाला इजा करायची नाही. गावाने तो जगेल तोवर त्याला खाऊ घालायचे. लांडग्याने उजवा पंजा फ्रान्सिसच्या हातात ठेवला. हा करार गावच्या चौकात, सर्वांसमक्ष पुन्हा म्हटला गेला आणि गावकऱ्यांनीही शब्द दिला. त्याआधी फ्रान्सिसनी त्यांना प्रवचन दिले, त्यांच्याही पापांविषयी. लांडगा लांडगाच राहिला. त्याने गवत खायला सुरुवात केली नाही. त्याच्या भुकेची जबाबदारी मात्र आता साऱ्या गावाची झाली.

यशया संदेष्ट्याचे, लांडगा कोकराजवळ राहील, हे वचन आपण आगमनकाळात ऐकतो. मूळ हिब्रू क्रियापद पाहुणा म्हणून, परका म्हणून राहण्याचे आहे. म्हणजे लांडगा हा कोकराच्या घरचा पाहुणा. अशक्त आहे तो यजमान, बलवान आहे तो आश्रित. संत पौलाच्या बाबतीत असेच झाले. याकोबाने बन्यामीनला फाडणारा लांडगा म्हटले होते, सकाळी भक्ष्य खाणारा आणि संध्याकाळी लूट वाटणारा. पौल बन्यामीनच्याच वंशातला. संत अगस्तीनला त्या शब्दांत पौलच दिसला: आधी ख्रिस्ती लोकांना फाडणारा, पुढे त्यांनाच अन्न वाटणारा. पण दमास्कसमध्ये आंधळा होऊन पडलेल्या ह्या लांडग्याच्या डोक्यावर हात ठेवायला हनन्याला जावे लागले, आणि तो घाबरत गेला.

येथे एक सावधगिरी हवी. ज्या बाईला घरात मार बसतो, तिला गुब्बिओची कथा सांगून ‘नवऱ्याला प्रेमाने जिंक’ म्हणणे हा कथेचा दुरुपयोग आहे. लांडग्यासमोर गावातली कोणी विधवा पाठवली गेली नाही. ज्याच्या अंगी बळ होते तो गेला. आणि नंतर ओझे एका घरावर पडले नाही, साऱ्या गावाने वाटून घेतले.

लांडगा त्यानंतर दोन वर्षे जगला. तो दारोदार जाई, लोक त्याला खायला देत, एकही कुत्रा भुंकत नसे. तो म्हाताऱ्या वयात मेला तेव्हा गाव हळहळले. गुब्बिओतील एका चर्चच्या दुरुस्तीत १८७२ साली मोठ्या लांडग्याचा सांगाडा सापडला, असे सांगतात. तो खरा की नाही, ह्यावर आमची श्रद्धा अवलंबून नाही. आमचे मन अडते ते दुसरीकडे. लांडगा ज्या दारांशी जात होता त्यांतील काही घरांतली माणसे त्यानेच मारली होती. अशा घरातल्या आईने पहिल्या दिवशी भाकरी कशी पुढे केली असेल, दार उघडताना शेजारी कोण उभे होते, हे कथेत आलेले नाही.