उदारमतवादी आपले कोण?

निदणाचा दाखला दर तीन वर्षांनी जुलै महिन्यात रविवारच्या मिस्सात आपल्या कानांवर पडतो. शेतात चांगले बी पेरलेले असते, रात्री वैरी येऊन निदण पेरून जातो. चाकर विचारतात, उपटून टाकू का? धनी म्हणतो, नको, कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्या. ज्यांनी भातशेती केली आहे त्यांना हा धनी जरा विचित्रच वाटतो. निंदणी वेळेवर झाली नाही तर पीक हातचे जाते हे आपल्याला आईबापांनी शिकवले. माझी आई तर हसून म्हणायची, प्रभूने सुतारकी केली होती, शेती नव्हे.

पण हा दाखला शेतीचा नाहीच. माणसांच्या बाबतीत निदण कोणते आणि पीक कोणते हे मधल्या काळात कळत नाही, आणि उपटणाऱ्याच्या हातून पीकही उपटले जाते, एवढेच प्रभूला सांगायचे आहे. ख्रिस्तसभेला हे समजायला फार काळ लागला. ज्यांनी ते आधी ओळखले त्यांना लोक उदारमतवादी म्हणाले, आणि ते कौतुकाने म्हणाले नाहीत.

आजही हा शब्द कौतुकाचा राहिलेला नाही. दूरदर्शनच्या वाहिन्यांवर तो जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. आपल्या चर्चच्या आवारातही मिश्रविवाहाविषयी किंवा धर्मग्राम परिषदेतील स्त्रियांविषयी कोणी चार शब्द वेगळे बोलला की, "तो जरा लिबरल आहे हां," असे दुसरा हळूच म्हणतो. राजकारणात आणि धर्मात अशी मंडळी हवीत की नकोत? ती श्रद्धा पातळ करतात की शुद्ध करतात? मला याचे उत्तर तत्त्वाच्या पुस्तकापेक्षा तीन फ्रेंच माणसांच्या गोष्टीत जास्त नीट सापडले.

1830 साली पॅरिसमध्ये 'लाव्हनीर' म्हणजे 'भविष्य' नावाचे दैनिक निघाले. त्याचे ब्रीद होते 'देव आणि स्वातंत्र्य'. संपादक फादर फेलिसिते द लामने, सोबत तरुण धर्मगुरू हेन्री लाकोर्देर आणि विशीतला प्रापंचिक शार्ल द मोंतालाम्बेर. त्यांच्या मागण्या आज आपल्याला साध्या वाटतील: सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य, वृत्तपत्राचे स्वातंत्र्य, शाळा काढण्याचे स्वातंत्र्य, आणि ख्रिस्तसभा व राज्य यांची फारकत. फ्रान्समध्ये त्या काळी धर्मगुरूंना सरकारी पगार होता. ही मंडळी म्हणाली, तो पगार सोडून द्या. ज्याच्या हातून पगार घ्यायचा त्याच्यासमोर खरे बोलता येत नाही. बिशपांना हे किती रुचले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. 1831 साली लाकोर्देर, मोंतालाम्बेर आणि त्यांच्या एका सोबत्याने परवानगी न घेता पॅरिसमध्ये एक छोटी शाळा उघडली. पोलिसांनी ती बंद केली, खटला झाला, शंभर फ्रँक दंड झाला.

बिशपांचा विरोध वाढला तेव्हा तिघांनी दैनिक थांबवले आणि ते न्याय मागायला थेट रोमला गेले. पोप सोळावे ग्रेगरी त्यांना भेटले, पण मूळ विषयावर काही बोलले नाहीत. 15 ऑगस्ट 1832 रोजी, स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, 'मिरारी वोस' हे परिपत्रक निघाले. त्यात या तिघांचे नाव नव्हते, पण त्यांच्या बहुतेक मागण्यांचा धिक्कार होता. सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याला तर अत्यंत कडक शब्द वापरले होते.

रोमला हे का बोलावेसे वाटले, हेही समजून घ्यायला हवे, नाहीतर आपण इतिहासाला न्याय देणार नाही. चाळीस वर्षांपूर्वी त्याच पॅरिसमध्ये स्वातंत्र्य, समता, बंधुता असे म्हणत धर्मगुरूंची कत्तल झाली होती. 17 जुलै 1794 रोजी काँपिएन्य येथील 16 कार्मेल भगिनींना गिलोटिनखाली उभे केले गेले. पोप फ्रान्सिस यांनी 2024 साली त्यांना संतपद दिले. ज्याने हे पाहिले त्याला स्वातंत्र्य या शब्दाचा वास आला तरी अंगावर काटा येणारच. पुढे पोप नववे पायस यांचेही तसेच झाले. 1846 मध्ये निवडून आल्यावर त्यांनी राजकीय कैद्यांना माफी दिली, लोकांनी त्यांचा जयजयकार केला. दोनच वर्षांनी त्यांच्या मंत्र्याचा भर दिवसा खून झाला आणि स्वतः पोपमहोदयांना वेष बदलून रोममधून पळावे लागले. माणूस एकदा पोळला की ताकही फुंकून पितो.

आणि राजकारणातले उदारमतवादी तरी कुठे सगळे उदार होते? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये स्वातंत्र्याचे नाव घेणारे सरकार होते. पंतप्रधान एमिल कोंब यांच्या कारकिर्दीत धर्मसंघांच्या हजारो शाळा बंद झाल्या आणि 1904 च्या कायद्याने संन्यस्त व्रतधारींना शिकवायचीच बंदी झाली. एका सिस्टरने मुलांना पाढे शिकवले तर प्रजासत्ताकाला कसला धोका होता? स्वतःसाठी मागितलेले स्वातंत्र्य दुसऱ्याला देताना हात आखडला की तो उदारमतवाद नव्हे, फक्त बाजू बदललेली जुलूमशाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आजही काही पुरोगामी मंडळींना श्रद्धा ठेवणारा प्रत्येक माणूस अडाणीच वाटतो.

पण तिघांकडे परत येऊ. तिघांनीही परिपत्रक स्वीकारले. लामने मात्र आतून मोडले होते. 1834 मध्ये त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाचा पुन्हा निषेध झाला, त्यांनी ख्रिस्तसभा सोडली, आणि 1854 साली मरताना धर्मविधी नाकारून गरिबांच्या सामाईक खड्ड्यात पुरले जाण्याची इच्छा सांगितली. तसेच झाले. लाकोर्देर आत राहिले. नोत्र दाममध्ये त्यांनी दिलेली प्रवचने ऐकायला तरुणांची गर्दी उसळे, आणि फ्रान्समधून नाहीसा झालेला डॉमिनिकन संघ त्यांनी पुन्हा उभा केला. मोंतालाम्बेर संसदेत लढत राहिले. 1863 साली बेल्जियममधील मालिन येथे कॅथलिकांच्या मोठ्या सभेत त्यांनी स्वतंत्र राज्यात स्वतंत्र ख्रिस्तसभा हा विचार मांडला. धर्माच्या नावाने होणारी सक्ती आणि क्रांतीच्या नावाने होणारी सक्ती या दोन्हींची आपल्याला सारखीच घृणा वाटते, असे त्यांनी आपल्याच लोकांसमोर सांगितले. पुढल्याच वर्षी रोमहून नाराजीचे पत्र आले आणि 8 डिसेंबर 1864 रोजी 80 चुकांची यादी प्रसिद्ध झाली. प्रगती आणि उदारमतवादाशी पोपमहोदयांनी जुळवून घ्यावे, हे मत त्या यादीत शेवटचे होते. 1870 मध्ये मोंतालाम्बेर वारले तेव्हा रोममध्ये त्यांच्यासाठी ठरलेली मिस्सा आधी थांबवली गेली. नंतर पोपमहोदयांनी स्वतःच एक मिस्सा करवली. राग आणि माया एकाच घरात कशी नांदतात ते इथे दिसते.

तिघांपैकी बरोबर कोण? लामने यांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. पण ज्या शेतावर प्रेम होते ते शेत सोडून गेल्यावर त्यांचा शब्द तिथे पोहोचेनासा झाला, हेही खरे. लाकोर्देर यांच्या आज्ञापालनाला मी भित्रेपणा म्हणणार नाही. पुढे कोणीतरी ऐकेल या विश्वासाने त्यांनी आणि मोंतालाम्बेर यांनी आयुष्य काढले, आणि ते पुढे म्हणजे किती पुढे, तर 133 वर्षे.

कारण वाद एका वाक्याभोवती अडला होता: चुकीला हक्क नसतो. सत्य एकच आहे, ते आपल्याकडे आहे, मग असत्याला सत्याच्या बरोबरीने उभे राहू देणे म्हणजे पाप. तर्क बिनतोड वाटतो. अमेरिकेतील येशूसंघीय फादर जॉन कोर्टनी मरी यांनी यातली गोम दाखवली. हक्क सत्यालाही नसतो आणि चुकीलाही नसतो. हक्क माणसाला असतो. चुकणारा माणूससुद्धा देवाच्या प्रतिमेचाच आहे, आणि जबरदस्तीने गुडघे टेकवता येतात पण विश्वास ठेववता येत नाही. 1955 च्या सुमारास फादर मरी यांना या विषयावर लिहू नका असे वरिष्ठांकडून सांगण्यात आले. त्यांनी लेखणी खाली ठेवली. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या पहिल्या सत्राला त्यांना बोलावणेही नव्हते. 1963 मध्ये बोलावणे आले, आणि 7 डिसेंबर 1965 रोजी धर्मस्वातंत्र्याचे घोषणापत्र 2308 विरुद्ध 70 मतांनी मंजूर झाले. त्याला जोर देणाऱ्यांत कम्युनिस्ट राजवटीखालील क्राकोवचे आर्चबिशप कारोल वोयतिवा होते, म्हणजे पुढचे पोप दुसरे जॉन पॉल. सक्ती सोसलेल्याला स्वातंत्र्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

काही विद्वान म्हणतात की 1832 आणि 1965 मध्ये विरोध नाही. आधी देवाला बाजूला सारणाऱ्या स्वातंत्र्याचा निषेध झाला, नंतर सक्तीपासून मुक्ततेचा पुरस्कार झाला. त्यात तथ्य आहे. परिषदेनेही सत्य शोधण्याचे कर्तव्य माफ केलेले नाही. पण साध्या माणसाने दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचले तर त्याला फरक दिसतो, आणि तो दिसला असे म्हणण्यात मला श्रद्धाहीनता वाटत नाही.

आपल्या देशाकडे पाहिले तर एक गंमत आहे. भारतातल्या कॅथलिकाला सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य 1950 साली राज्यघटनेच्या कलम 25 ने मिळाले, म्हणजे ख्रिस्तसभेने ते जगजाहीर मान्य करण्याच्या पंधरा वर्षे आधी. धर्म पाळण्याबरोबर त्याचा 'प्रसार' करण्याचा हक्क त्या कलमात असावा की नाही, यावर डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत मोठी चर्चा झाली. समितीत येशूसंघीय फादर जेरोम डिसोझा होते. पण त्या शब्दाच्या बाजूने क. मा. मुन्शी उभे राहिले, टी. टी. कृष्णम्माचारी उभे राहिले. कृष्णम्माचारींनी तर, आपण अनेक वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो पण आपला धर्म बदलण्याचा प्रयत्न कोणी केला नाही, अशी साक्ष दिली. दोघेही हिंदू. ख्रिस्ती प्रतिनिधींनी राखीव जागांचा आग्रह सोडला आणि बहुसंख्यांनी त्यांच्या हक्काचा शब्द कलमात ठेवला. आपल्यावर अन्याय झाला की आपण ज्या कलमाकडे बोट दाखवतो, ते असे दुसऱ्यांच्या उदारपणातूनही आलेले आहे. ज्याच्याशी आपले जमत नाही त्याच्या हक्कासाठी उभे राहणारी माणसे राजकारणात नसती, तर अल्पसंख्य म्हणून आपण कोणाच्या तोंडाकडे पाहिले असते?

म्हणूनच एक जुनी बैठक मला अजून टोचते. गावाचे नाव सांगत नाही, ते इथले नाही एवढे पुरे. एक बाई आजारपणात एका प्रार्थनागटात जाऊ लागली होती. दहाबारा वर्षे तिने मिस्सा सोडली, घरातल्या मूर्ती काढून टाकल्या, येताजाता आपल्या लोकांना चार शब्द ऐकवले. ती वारली. नवरा आमच्या दफनभूमीत पुरलेला. मुलाने विचारले, आईला बाबांच्या कबरीत ठेवता येईल का? धर्मविधी आम्ही मागत नाही, फक्त जागा. धर्मविधी आणि माती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मुलाला कळले होते, आम्हाला कळले नाही. कोणी म्हणाले, उद्या सगळेच जातील आणि मरायला परत येतील. कोणी म्हणाले, तिनेच आपल्याला सोडले. बोलण्यात राग होता, तो अगदीच अनाठायी होता असेही नाही. तिने खरोखरच माणसे दुखावली होती.

मी त्या बैठकीत होतो. त्याच महिन्यात आम्ही काही मंडळी तालुक्याला एका मोर्चात गेलो होतो, धर्मस्वातंत्र्याच्या मागणीचा फलक माझ्या हातात होता. बैठकीत मात्र मी काही बोललो नाही. वर पंखा फिरत होता तिकडे पाहत बसलो.

तिला सार्वजनिक स्मशानभूमीच्या कडेला जागा मिळाली. मुलगा अजून मिस्साला येतो. दरवर्षी 2 नोव्हेंबरला तो बापाच्या कबरीवर फुले ठेवतो, मेणबत्ती लावतो, आणि फादर कबरींना आशीर्वाद देऊन पुढे गेले की उरलेली फुले पिशवीत घालून रिक्षा पकडतो.