पोचवण्याची जबाबदारी कोणाची?

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या स्टार्टअप कंपन्यांत काम करणाऱ्या मराठी मुलामुलींशी बोलताना एक तक्रार हटकून कानावर येते. रात्री साडेअकराला मॅनेजरचा मेसेज येतो आणि सकाळच्या मीटिंगमध्ये विचारणा होते, "ग्रुपवर टाकलं होतं की, पाहिलं नाहीस?" निरोप टाकला की पाठवणारा मोकळा झाला आणि तो शोधून वाचणं हे घेणाऱ्याचं काम, असं या प्रश्नात धरूनच चाललेलं असतं. कामाच्या ठिकाणी हे नेहमीच असं नव्हतं. टेलेक्सच्या, म्हणजे लाइनवरून थेट समोरच्या मशीनवर मजकूर छापणाऱ्या यंत्रांच्या, काळात जबाबदारी उलट्या बाजूला होती.

भारतात अंतर्गत टेलेक्स सेवा 1963 साली सुरू झाली. पुढची सुमारे तीस वर्षं कंपन्यांच्या लेटरहेडवर फोनच्या खाली टेलेक्सचा नंबर छापलेला असे. मुंबईचा 011 ने सुरू होणारा, बंगळुरूचा 0845 ने. आकार वेळेनुसार लागत असल्याने ऑपरेटर मजकूर आधी कागदी पट्टीवर भोकांच्या रूपात टाइप करून घेत, चुका तिथेच काढत आणि मगच लाइन जोडून पट्टी सोडत. मिनिटाला साधारण 400 अक्षरं जात. पण मजकुराआधी एक कळ दाबायची असे. तिचा अर्थ, तुम्ही कोण? पलीकडे माणूस असो वा नसो, तिथलं मशीन आपली ठरलेली ओळख आपोआप पाठवी आणि ती इकडच्या कागदावर उमटे. मजकूर संपल्यावर पुन्हा तेच. सुरुवातीची ओळख, मजकूर आणि शेवटची ओळख हे सगळं एकाच कागदावर येई. शेवटची ओळख उमटली नाही तर निरोप गेला असं कोणी मानत नसे, तो पुन्हा पाठवायचा.

कायद्यानेही हेच धरलं. 1955 साली लंडनच्या कंपनीचा ॲमस्टरडॅमशी टेलेक्सवरून झालेला तांब्याचा व्यवहार इंग्लंडच्या न्यायालयात गेला. न्यायमूर्ती डेनिंग यांनी निकाल दिला, की टपालाने दिलेला होकार पेटीत पडताच पक्का होतो, पण टेलेक्सवरचा होकार समोरच्याकडे पोचेल तेव्हा आणि तिथेच पक्का होतो. मध्येच लाइन तुटली तर पाठवणाऱ्याने पुन्हा पाठवावं. मात्र पलीकडे शाई संपून मजकूर उमटला नाही आणि तिथल्या कारकुनाने पुन्हा मागितला नाही, तर तो दोष त्याचा. हा निकाल दहा वर्षांनी आपल्या खामगावपर्यंत आला. तिथल्या केडिया जिनिंग आणि तेलगिरणीचा अहमदाबादच्या व्यापाऱ्याशी सरकी पेंडीचा सौदा फोनवर ठरला होता, आणि वाद होता दावा कुठे चालवायचा याचा. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने डेनिंग यांचीच वाट धरली. होकार खामगावात उच्चारला गेला असला तरी तो अहमदाबादला ऐकू आला, म्हणून करार अहमदाबादचा. न्या. हिदायतुल्ला यांनी 1872 च्या करार कायद्याच्या शब्दांवर बोट ठेवून वेगळं मत नोंदवलं, आणि ते आजही वाचण्यासारखं आहे.

मला याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. टेलेक्स कचेरीत येई, माणसाच्या खिशात नाही. रात्री मशीन एकटंच कागद छापत राही आणि तो सकाळी वाचला जाई. कचेरी बंद असताना आलेला टेलेक्स पोचला केव्हा म्हणायचा, याला एकच नियम लावता येणार नाही, असं 1982 मध्ये इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड विल्बरफोर्स यांनी म्हटलं. पक्षांचा हेतू, धंद्यातली रीत आणि जोखीम कोणी उचलावी हे पाहूनच ते ठरवावं लागेल. म्हणजे वेळी-अवेळी पाठवण्याची जोखीम पाठवणाऱ्यावरही येऊ शकते, हे न्यायालयांना तेव्हाच दिसत होतं.

तो काळ परत यावा असं मी म्हणत नाही. टेलेक्स मूठभरांकडे होता, बाकीच्यांना तार होती. पण आज घर आणि कचेरी एकाच फोनमध्ये आली आहे, आणि मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा घेणाऱ्याचा पुरावा ठरण्याऐवजी त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरल्या जातात. सुप्रिया सुळे यांनी 2018 साली लोकसभेत मांडलेलं खासगी विधेयक, कामाच्या वेळेनंतर उत्तर न देण्याचा हक्क मागणारं, याच दुखण्यावर होतं. ते मंजूर झालं नाही.

तरी करारांपुरता आधार आपल्या कायद्यात आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000, कलम 13. घेणाऱ्याने निरोपासाठी एक ठिकाण नेमून दिलं असेल आणि निरोप त्याच्या दुसऱ्याच ठिकाणी पाठवला, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास, तो घेणाऱ्याने उघडला तेव्हाच पोचला असं धरलं जातं. कोट्यवधींच्या सौद्याला जी सवलत मिळते ती पगारी माणसाला का नको? कामाचा निरोप ऑफिसच्या मेलवरच येईल आणि इतरत्र टाकलेला पोचला असं मानलं जाणार नाही, एवढी एक ओळ नेमणूकपत्रात घालायला संसदेची वाट पाहावी लागत नाही.