सतीर्थ्यधर्म

विद्या दिल्याने वाढते, हे वचन प्रत्येक गृहस्थाच्या तोंडी असते. परंतु जेव्हा आपल्याच मुलाने आपली विद्या शेजारच्या मुलाला द्यावयाची असते आणि दोघेही एकाच परीक्षेला बसणार असतात, तेव्हा हे वचन किती घरांत टिकते? धर्माची कसोटी सभामंडपात लागत नाही. ती अशा वेळी घराच्या उंबरठ्यावर लागते.

या प्रश्नाचा विचार करण्यास छत्तीसगडातील भिलाई हे नगर फार योग्य आहे. १९५५ साली भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि दुर्ग जिल्ह्याच्या भूमीवर पोलादाचा कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या नाना प्रांतांतून तेथे माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. पुष्कळांना ते काम सर्वस्वी नवीन होते. सोव्हिएत तज्ज्ञांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी ते आत्मसात केले आणि जो आधी शिकला त्याने मागून येणाऱ्यास शिकविले. वितळलेल्या लोखंडासमोर विद्या लपवून भागत नाही. तेथे एकाचे अज्ञान सर्वांच्याच जिवावर बेतू शकते.

आज त्याच वसाहतीच्या सेक्टरांतून पुढच्या पिढ्यांतील मुले अकरावी-बारावीच्या गणिताशी झुंजत आहेत. २०१६ साली स्थापन झालेली आय. आय. टी. भिलाई ही त्यांच्याच जिल्ह्यात आहे. पण अशा संस्थांचे दार अरुंद आहे. २०२४ साली जे. ई. ई. मुख्य परीक्षेस देशभरातून १४ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, सर्व आय. आय. टी. मिळून जागा १८ हजारांपेक्षा कमी होत्या. अशा स्थितीत शेजारचा मुलगा वही घेऊन दाराशी आला की आईच्या मनात शंका उभी राहते. ती म्हणते, "बाळा, आधी स्वतःचा अभ्यास कर, दुसऱ्याचे पुढे पाहू." या वाक्यात दुष्टपणा नाही, अपत्यप्रेम आहे. म्हणूनच त्याचा अव्हेर न करता विचार केला पाहिजे.

प्रथम गणिताच्या प्रश्नास गणितानेच उत्तर देऊ. मित्राला शिकविल्याने तो आपल्या पुढे गेला, असे क्षणभर मानू. त्यामुळे आपला क्रमांक फार तर एकाने खाली येईल. लाखोंच्या त्या रांगेत शेजारचा मुलगा हा एकच मनुष्य आहे. परंतु भीती त्या एकालाच सारी रांग समजते. उलट, शिकविणाऱ्यास काय मिळते तेही पाहावे. दहा विद्यार्थ्यांनी परस्परांशी एकेकदा हस्तांदोलन केले तर एकूण हस्तांदोलने किती, हा अकरावीच्या गणितातील परिचित प्रश्न आहे. एक विद्यार्थी दहाला नवाने गुणून ९० म्हणतो. पुस्तकात उत्तर ४५ असते. मित्र म्हणाला, "दोनाने भाग," तर उत्तर जुळते. अज्ञान मात्र जागच्या जागी राहते. पण त्याने हात पुढे करून विचारले, "तू माझा हात धरलास आणि मी तुझा धरला, ही हस्तांदोलने एक की दोन?" तर विचारणाऱ्याच्या बुद्धीत प्रकाश पडतो. मग तोच उलट विचारतो, "तर दहांतून एक अध्यक्ष आणि एक चिटणीस निवडताना दोनाने का भागावयाचे नाही?" आता थांबण्याची पाळी शिकविणाऱ्याची असते. येथे क्रमाला महत्त्व आहे आणि तेथे नव्हते, हे त्याला आजवर केवळ सूत्ररूपाने पाठ होते. आता ते त्याचे स्वतःचे झाले.

तथापि लाभाचा हिशेब करून केलेली मदत ही मदतीची अंतिम पायरी नव्हे. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीच्या अपेक्षेने किंवा कष्टी मनाने दिलेले ते राजस. देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच भावनेने, उपकाराची फेड न करणाऱ्यास, योग्य स्थळी, योग्य काळी व योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक. अयोग्य स्थळी व अयोग्य काळी, अपात्री, अनादराने व तिरस्काराने दिलेले ते तामस. हा विवेक केवळ सुवर्णदानाला व गोदानाला लागू आहे असे समजण्याचे कारण नाही. विद्यार्थ्याच्या वहीलाही तो तंतोतंत लागू पडतो.

परीक्षेच्या दालनात सरकविलेली चिठ्ठी हे मैत्रीचे चिन्ह मानले जाते. वस्तुतः ते तामस दान होय, कारण तेथे स्थळही अयोग्य आणि काळही अयोग्य. "एवढेही येत नाही?" असे म्हणून पुढे फेकलेली वही हेही तामसच, मग तिच्यातील प्रत्येक पायरी बिनचूक का असेना. "मी गणित सांगतो, तू मला रसायनाच्या टिपणी दे," हा व्यवहार निंद्य नाही. पण तो राजस आहे, आणि टिपणी मिळेनाशा झाल्या की तोही संपतो. ज्याच्यापाशी देण्यासारखे काहीच नाही त्यालाही तितक्याच आदराने समजावून सांगणे, हे सात्त्विक.

पात्र कोणास म्हणावे? ज्याने आधी स्वतः झुंज दिली आणि आपण कोठे अडलो हे जो दाखवू शकतो, तो पात्र. चौथ्या अध्यायात ज्ञान मिळविण्यासाठी नम्रता व सेवा यांच्याबरोबरच प्रश्न विचारणेही सांगितले आहे. कोरी वही पुढे करून उत्तर मागणे हा प्रश्न नव्हे. ज्याने यत्नच केला नाही त्याला उत्तर देणे म्हणजे त्याच्या यत्नाचा अधिकार हिरावून घेणे होय; त्याला सांगावे, "अर्धा तास तू बस, मग आपण दोघे बसू." हा नकार नव्हे, हेही दानच आहे.

येथे एक आक्षेप राहतो, आणि तो खरा आहे. विद्या दिल्याने कमी होत नाही, पण वेळ दिल्याने कमी होतो. विद्यार्थ्याचा स्वधर्म अध्ययन हाच आहे, आणि सर्वांच्या शंका सोडविता सोडविता जो स्वतःचे अध्ययन बुडवितो तो स्वधर्मापासून ढळतो. म्हणून मदतीस मर्यादा घालणे हे पाप नव्हे. "आज नाही, रविवारी ये," असे म्हणण्यात दोष नाही. दोष आहे तो येत असून "मलाही येत नाही" असे म्हणण्यात. पहिल्यात केवळ वेळेचा संयम आहे. दुसऱ्यात असत्य आहे, आणि ते बोलणाऱ्याच्याच चित्तात घर करते.

आपल्या परंपरेत विद्येचे चार पाद मानले आहेत: एक गुरूकडून मिळतो, एक स्वतःच्या बुद्धीने, एक काळाच्या ओघात आणि एक सहाध्यायांकडून. एकाच गुरूपाशी शिकणाऱ्यांना संस्कृतात 'सतीर्थ्य' म्हणतात; येथे 'तीर्थ' म्हणजे गुरू, आणि सतीर्थ्य म्हणजे एकाच गुरूपाशी राहणारे. शिष्याने शिष्याला शिकविण्याची ही पद्धत अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये अँड्र्यू बेल या इंग्रज राजवटीतील पाद्र्याने पाहिली आणि १७९७ साली लंडनमध्ये पुस्तक लिहून तिचा प्रसार केला. इंग्लंडात ती मद्रास पद्धती म्हणून नावाजली. जे परक्यांनी आपल्याकडून उचलले ते आपण परीक्षेच्या भीतीने गमवावे काय?

भागवताच्या दशम स्कंधात श्रीकृष्ण आणि लोक ज्याला सुदामा म्हणून ओळखतात तो त्यांचा मित्र, हे सांदीपनींचे सतीर्थ्य होते. गुरुपत्नीच्या सांगण्यावरून ते सर्पणासाठी अरण्यात गेले असता वादळ झाले, अंधार पडला, दिशा कळेनाशा झाल्या. तेव्हा त्यांनी परस्परांचे हात धरून ती रात्र काढली. एकाने दुसऱ्यास वाहून नेले नाही आणि कोणी एकटा निघूनही गेला नाही. सहाध्यायाचा सारा धर्म एवढ्यात आला.

म्हणून गृहस्थांनी इतके करावे. मुलाला रोज "किती गुण मिळाले?" असे विचारतो, त्याबरोबर कधी "आज कोणाला काही समजावून सांगितलेस का? आज कोणाला काही विचारलेस का?" हेही विचारावे. शेजारचे मूल वही घेऊन आले तर त्याला आत बोलवावे, दोघांनाही पाणी द्यावे आणि दिवा त्यांच्या मधोमध ठेवावा. परीक्षेचा निकाल दोघांच्या हाती नाही. त्या रात्रीचे अध्ययन मात्र निश्चित त्यांच्या हाती आहे.