अलूल महिना : आधी भावाकडे जा



आजचे मनन : नहेम्या 6:15; मत्तय 5:23-24

अलूल हा इब्री वर्षातला सहावा महिना, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो. याच महिन्याच्या 25 तारखेला यरुशलेमचा कोट 52 दिवसांत बांधून पूर्ण झाला. ज्यू परंपरा सांगते की सोन्याच्या वासराच्या पापानंतर मोशे अलूलच्या सुरुवातीला पुन्हा सीनाय डोंगरावर चढला आणि 40 दिवसांनी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, नव्या पाट्या घेऊन उतरला. म्हणून या महिन्यात अनेक सभास्थानांत सकाळी एडक्याचे शिंग फुंकतात : जागा हो, मागे फीर.

पण देवाकडे क्षमा मागितली की झालं का? ज्यू शास्त्री म्हणतात, नाही. माणसाचा अपराध केला असेल, तर त्याची समजूत घातल्याशिवाय प्रायश्चित्ताचा दिवसही तो फेडत नाही. प्रभू येशूही तेच शिकवतो : अर्पण वेदीपाशी राहू दे, आधी भावाशी समेट कर.

हे मला टोचलं. चूक माझ्या कोडमध्ये होती, आणि मी सगळ्यांसमोर बोललो एका ज्युनिअरला. नंतर प्रार्थनेत क्षमा मागितली, त्याला मात्र एकदाही नाही. देवाकडे मागणं सोपं होतं. तिथे मान खाली गेलेली कोणाला दिसत नाही.

काल त्याला फोन केला. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, मला वाटलं तुम्ही विसरलात."

विसरलो नव्हतो. तेच तर पाप.

प्रियांनो, पडलेला कोट एका दिवसात उभा राहत नाही. आज एक दगड ठेवू या. तुमचा कोणता फोन राहिलाय?

आमेन.