दाराशेजारचं बटण

रविवारी सकाळी मी वाचनालयाच्या वरच्या खोलीत सतरंज्या झटकायला जातो. आदल्या संध्याकाळी तिथे माहितीपट झालेला असतो. महिन्यातून एकदा, पंचवीस-तीस माणसं. भिंतीला पांढरी चादर, उसना आणलेला प्रोजेक्टर, शेवटी चहा आणि बोलणं. विषय बहुतेक वेळा अध्यात्माचा. सतरंजी गुंडाळताना रात्रीची वाक्यं परत ऐकू येतात. काही सकाळपर्यंत टिकतात, काही जिन्यातच विरतात.

आज दाराशेजारच्या दिव्याच्या बटणापाशी थोडा थांबलो.

पूर्वी चित्रपट संपला, नावं वर सरकू लागली, की कुणीतरी चटकन उठून ट्यूबलाइट लावायचं. चांगल्या मनानंच, म्हाताऱ्या माणसांना अंधारात त्रास नको म्हणून. मग डोळे चोळणं, चपला शोधणं. मी लगेच म्हणायचो, ‘चला, आता चर्चा.’ एखादे अभ्यासू गृहस्थ बोलू लागायचे. ते बरोबरच बोलायचे, पण ते सगळं चित्रपट न बघताही बोलता आलं असतं. बाकीचे ऐकून घरी जायचे. वहीत आम्ही लिहायचो : चर्चा झाली.

काल ‘इन्टू ग्रेट सायलेन्स’ दाखवला. फ्रान्समध्ये आल्प्सच्या डोंगरात ग्रांद शार्त्र्यूज हा कार्थुसियन साधूंचा मठ आहे. मौनात राहणारी माणसं. फिलिप ग्रोनिंग या जर्मन दिग्दर्शकानं १९८४ साली तिथे चित्रीकरणाची परवानगी मागितली. होकार यायला सोळा वर्षं लागली. मग तो एकटाच कॅमेरा घेऊन गेला आणि जवळजवळ सहा महिने त्यांच्यात राहिला. वेगळे दिवे लावले नाहीत, निवेदन नाही, वरून घातलेलं संगीत नाही. २००५ साली चित्रपट लोकांसमोर आला. पावणेतीन तासांच्या आसपास लांबीचा. लोक कंटाळतील, ही धास्ती मला होतीच.

काल बटणाशेजारी मीच बसलो. चादर काळी झाली. कुणी उठलं नाही. पंख्याची करकर ऐकू आली, खालच्या घरातली कुकरची शिट्टी, कुणाचा तरी लांब सोडलेला श्वास. पंखा रोजच करकरतो. मी घड्याळ पाहिलं नाही. एका आजींनी पदर सावरला, तेव्हा दिवा लावला.

‘काय समजलं?’ असं मी विचारत नाही आता. ‘काय दिसलं?’ एवढंच विचारतो. समजण्यात माणसं एकमेकांच्या पुढेमागे असतात. दिसण्यात सगळी एका सतरंजीवर येतात. डबे करून देणाऱ्या एक बाई येतात, त्या सहसा बोलत नाहीत. काल पहिल्या त्याच बोलल्या. साधूच्या खोलीला एक लहानशी खिडकी आहे, गाडीवरून आलेलं जेवण तिच्यातून आत दिलं जातं. त्या म्हणाल्या, ‘देणारा बोलत नाही, घेणारा बोलत नाही. पण कुणी उपाशी राहत नाही.’ आणि थांबल्या. शिवणकाम करून निवृत्त झालेल्या एकांना कापडातून जाणाऱ्या कात्रीचा आवाज आठवत राहिला. त्यांनी तो तोंडानं करून दाखवला. कुणाला भाजीच्या वाफ्यावरचं बर्फ फावड्यानं काढणारा म्हातारा साधू दिसला होता. ‘ईश्वर’ हा शब्द तासाभरात क्वचितच आला. त्याची उणीव कुणाला भासली नाही.

मला मात्र आधीची एक संध्याकाळ आठवत होती. शबनम विरमानी यांचा कुमार गंधर्वांवरचा आणि कबीरावरचा ‘कोई सुनता है’ आम्ही दाखवला होता. बेळगावकडचे कुमारजी १९४८ साली क्षयानं आजारी होऊन देवासला आले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. काही वर्षं नुसती ऐकण्यात गेली. माळव्याची लोकगीतं, दारावरून जाणाऱ्या जोग्यांची निर्गुणी भजनं. पुढे त्यांच्या गळ्यातून जे निर्गुण आलं, ते त्या न गायलेल्या वर्षांतून आलं, असं मला वाटतं. आणि हे सगळं बघून झाल्यावर, शेवटचा सूर अजून खोलीत असताना, मी बटण दाबलं होतं. पुढच्या रांगेतल्या एका तरुणानं डोळ्यांवर हात घेतला. त्याला उजेड सहन झाला नाही, असं तेव्हा मी समजलो. तो पुन्हा आलेला नाही.

सतरंज्या गुंडाळून झाल्या. चादरीची घडी घातली. खिडकी उघडली.

तुमच्या वाचनालयात, देवळाच्या ओवरीत, सोसायटीच्या हॉलमध्ये असं काही सुरू करणार असाल, तर चित्रपट करणाऱ्यांची परवानगी आधी घ्या. चहा थोडा उशिरा ठेवा. आणि दिव्याच्या बटणाजवळ स्वतः बसा.