कळ आणि कळणं

मराठी भाषेनं एक मोठी गंमत करून ठेवली आहे. प्रसूतीच्या वेदनेला आपण कळ म्हणतो आणि समजण्याला कळणं. या दोन शब्दांचं मूळ एक की वेगळं, ते भाषापंडितांनी ठरवावं; आमच्या घरच्या थोरल्या बायकांनी मात्र त्यांचं लग्न केव्हाच लावून टाकलं आहे. पहिलटकरणीनं काहीही विचारलं, की ठरलेलं उत्तर – "कळेल तुझं तुला!" म्हणजे कळा आल्या की कळेल. त्याआधी कळायचं कारण नाही.

माझ्या बदलापूरच्या भाचीला दिवस गेले तेव्हापासून या उत्तराचा मी अभ्यास करते आहे. तिला माहितीचा तुटवडा होता असं मुळीच नाही. केशर घातलेलं दूध प्यायलं की मूल गोरं होतं, ग्रहणात सुरीला हात लावायचा नाही, नवव्या महिन्यात तूप प्यायलं की बाळ अलगद घसरून येतं (जणू पोट म्हणजे बागेतली घसरगुंडी!), हे सगळं तिला तोंडपाठ झालं होतं. डोहाळजेवणात दोन वाट्यांखाली पेढा नि बर्फी झाकून मुलगा की मुलगी तेही झालं. गर्भलिंग सांगायला महाराष्ट्रात 1988 पासून कायद्यानं बंदी आहे. पण पेढ्या-बर्फीला अजून कुणी अटक केलेली नाही. बाळाच्या रंगापासून नशिबापर्यंत सगळं सांगून झालं. राहिली एकच किरकोळ बाब : बाळ बाहेर येणार कसं?

त्या बाबतीतलं तिचं शिक्षण सिनेमानं केलं होतं. सिनेमात बाई जिन्यावर कळवळते, कुणीतरी "गरम पाणी आणा" म्हणून ओरडतं (त्या पाण्याचं पुढे काय होतं, ते आजवर एकाही दिग्दर्शकानं दाखवलेलं नाही), आणि दोन मिनिटांत ट्यांहां! प्रत्यक्षात पहिलटकरणीचे बारा तास सहज जातात, कधी त्याहून जास्त. सिनेमात आधी पाणमोट फुटते. बहुतेकींना आधी कळा येतात. आणि ती डॉक्टरांनी दिलेली तारीख! शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून ती काढतात, आणि नेमक्या त्या दिवशी जन्माला येणारी शहाणी बाळं शंभरात चार-पाच. भाचीनं मात्र कॅलेंडरावर तांबडं वर्तुळ काढून ठेवलं होतं. शेजारी 'सकाळी दहा' एवढं लिहायचं बाकी होतं.

एकदा तपासणीसाठी आम्ही दोघी बदलापूरहून लोकलनं कल्याणला निघालो. बायकांच्या डब्यात एरवी चौथ्या सीटवरून महायुद्ध होतं. पण गरोदर बाई दिसली की खिडकीची जागासुद्धा मिळते. जागेबरोबर सल्लाही मिळतो, त्याला वेगळं तिकीट लागत नाही. अंबरनाथ येईपर्यंत पाचजणींनी आपापली बाळंतपणं सांगून टाकली. एकीचे बावीस तास, दुसरीचे तीस; जणू लिलावात बोली चालली होती. भाचीनं धीर करून विचारलं, "पण कळा नेमक्या कशा असतात हो?" डबा एकदम गप्प. सगळ्याजणी खिडकीबाहेर पाहू लागल्या. मग एकीनं गोड हसून सांगितलं, "कळेल गं!"

समोर एक सिंधी आजी बसल्या होत्या. लेकीकडून उल्हासनगरला परत चालल्या होत्या. फाळणीनंतर कल्याण कॅम्पाच्या लष्करी बराकींत जी कुटुंबं येऊन राहिली, त्यांतल्या एका बराकीत त्यांचा स्वतःचा जन्म. त्यांनी हाताची मूठ पुढे केली. "देख बेटी, ऐसे बंद होती है," असं म्हणून ती हळूहळू घट्ट आवळली, "और ऐसे खुलती है." मूठ सैल सोडली. "बंद हो तो गिनना, खुले तो आराम करना. खुलती जरूर है." उल्हासनगर आलं तशा त्या उतरून गेल्या. अंबरनाथ ते उल्हासनगर, अवघी चारपाच मिनिटं. नऊ महिन्यांत जे कुणी सांगितलं नाही, ते तेवढ्यात सांगून झालं.

गाडी कल्याणला पोचली. याच कल्याणच्या, 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. 'नशीब' म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. समुद्र ओलांडून अमेरिकेत गेल्या, 1886 साली डॉक्टर झाल्या. आणि प्रबंधाला विषय घेतला आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा! पुढल्याच वर्षी, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत, त्या वारल्या. एका बाईनं एवढं केलं ते कळावं म्हणून. आणि आम्ही अजून "कळेल" म्हणतो.

भाचीच्या आईचं, म्हणजे माझ्या बहिणीचं म्हणणं वेगळं. "सगळं सांगून पोरीला घाबरवायचं का? आम्हांला कुणी सांगितलं होतं?" तिला हसून उडवून लावता येणार नाही. बाळंतपण म्हणजे पुनर्जन्म, असं आपल्या आज्या उगीच म्हणत नव्हत्या. बाळंतिणीच्या खोलीत गेलेली लेक परत बाहेर येईल की नाही, याचीच जिथे खात्री नव्हती, तिथे सांगून करायचं काय? ते गप्प बसणं मायेचं होतं. पण आता करण्यासारखं पुष्कळ आहे. 2018 ते 2020 या काळात महाराष्ट्रात लाख जन्मांमागे 33 माता दगावल्या. त्या 33 सुद्धा जास्तच; आणि त्या कमी व्हायच्या तर अंगावरून रक्त जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, बाळाची हालचाल मंदावणं, हे थांबायचं दुखणं नव्हे, लगेच दवाखाना गाठायचा, हे बाईला आधी ठाऊक हवं. 2019-21 च्या पाहणीत राज्यातल्या चार बाळंतपणांत एक सीझरचं होतं. ज्या मुलीला हे कुणी बोललंच नाही, ती ऐनवेळी पुढे आलेल्या कागदावर काय समजून सही करणार? आणि नंतर "नॉर्मल का गं?" या प्रश्नाला, परीक्षेत नापास झाल्यासारखी मान खाली घालणार!

मला वाटतं, आपला घोळ त्या दोन शब्दांनीच केला आहे. कळ जिची तिची; ती कुणी वाटून घेऊ शकत नाही, आणि एकीच्या बावीस तासांवरून दुसरीचं भाकीतही करू नये. पण कळणं वाटून घेता येतं. ते आपल्याजवळ असून न देणं याला माया म्हणावं की कंजुषी, हे तुम्हीच ठरवा.

भाची तांबड्या वर्तुळानंतर चौथ्या दिवशी बाळंत झाली. मुलगी. पेढा की बर्फी निघाली होती, ते आता कुणालाच आठवत नाही. परवा तिच्या मैत्रिणीचा फोन आला. तिला सातवा लागलाय. पलीकडून काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण भाचीचं उत्तर ऐकलं. "अगं, कळेल तु–" एवढं म्हणून ती थांबली. मग मांडीवरच्या लेकीला माझ्या हातात देऊन आत गेली आणि दार लोटून घेतलं. बाहेर आली ती तब्बल पाऊण तासानं. तोवर लेकीनं माझं लुगडं दोनदा भिजवलं होतं. पण त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही.